ताईच्या खोक्यातलं मूठभर भात

मूठभर भात देशाबाहेर पाठवायला कुणाची परवानगी लागते, हे तुमच्या गावात किती जणांना माहीत आहे?

आमच्या कडावच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. मला नोकरीमुळे कळलं. कर्जतजवळच्या एका शेती कॉलेजातून परदेशी जाणारी खोकी मी तपासते. वस्तू नियंत्रित यादीत बसते का, तिकडे ती कोण वापरणार, कशासाठी, हे सगळं बघून मगच खोकं बंद होतं. यंदा मातीतला ओलावा मोजणारी दोन यंत्रं जायची होती, आणि ज्या प्रयोगशाळेत जायची होती तिथेच माझी ताई शिकते.

आईला हे मीच सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेलं भात घेऊन ऑफिसात हजर! आमच्या खालच्या खाचरातलं, तांबड्या टरफलाचं.

"यंत्राच्या बाजूला सारून दे गं. लेकीची ओटी हाय ती."

"आई, ओटीत तांदूळ घालतात."

"तांदूळ रुजतो का? तिला कुंडीत लावायचं हाय."

रुजतं, म्हणूनच ते बियाणं ठरतं, आणि बियाण्याला वेगळी परवानगी लागते. मी पुरचुंडी बाजूला ठेवली. आई म्हणाली, "बियाणं बाहेर जाऊ देऊ नका म्हणून पत्रकं लिहिलीस, ती बहिणीला अडवायलाच का गं?"

खोपोलीच्या कारखान्यातल्या बाबांच्या युनियनची पत्रकं वाचत आम्ही दोघी मोठ्या झालो. कंपन्यांनी आपलं बियाणं परदेशी नेऊ नये, हे पत्रक मी लिहिलं होतं आणि ताईने भिसेगावात घरोघर टाकलं होतं. त्यातला शब्दन् शब्द मला आजही मान्य आहे. कायदा हवाच. पण मोठ्या कंपनीला वकील असतो, माझ्या आईला कोण आहे? कायद्याचं दार तिच्या हाताला लागेल इतकं तरी खाली असावं.

खोकं पोचल्यावर ताईचा फोन आला.

"काय पत्रकवाले, आईचं भात अडवलंस म्हणे?"

"अडवलं."

"बरं केलंस. पकडलं असतं तर यंत्रंही अडकली असती." मग म्हणाली, "तू घातलं नाहीस हे माहीत होतं गं. तरी मी खोक्याचे कोपरे चाचपले."

पुढे ती यंत्रांबद्दलच बोलत राहिली. मी हो हो म्हणत होते. लावणीच्या चिखलात ती माझ्यापुढे असायची, मागे न बघता माझ्यासाठी रोपं टाकत जायची. तेवढंच मला दिसत होतं.

आता कॉलेजातल्या सरांनी या भातासाठी रीतसर अर्ज केला आहे. उत्तर आलेलं नाही. ठेवून ठेवून भात जुनं होतं, मग उगवत नाही. आणि घरात तेवढंच उरलं होतं. म्हणून आईने ती पुरचुंडी खालच्या खाचराच्या एका कोपऱ्यात पेरली. परवानगी येईल तेव्हा बी ताजं हवं. पण एवढ्याशा कोपऱ्याचा काय भरवसा? एक डुक्कर शिरलं की संपलं.

म्हणून मागते आहे. कर्जत-खालापुरात तुमच्या कणगीत असं तांबड्या टरफलाचं भात उरलं असेल, तर यंदा बांधाकडेला मूठभर लावा. आणि लेकीला परदेशी बी पाठवायचं असेल, तर ते लपवू नका. खोकं बंद व्हायच्या आत आमच्यासारख्या ऑफिसात या आणि परवानगीचा अर्ज मोठ्या आवाजात मागा.