डबा रिकामा की डबाच नाही?

शंकाताईंना 'चालतं' हा शब्द सहन होत नसे. पनवेलच्या आमच्या छोट्या कंपनीत स्क्रिप्ट तपासायचं काम त्यांचं. कुणी खुशीत ओरडलं, "ताई, स्क्रिप्ट चालली!" की चष्म्यावरून बघत त्या विचारायच्या, "कुठे?"

आमचं सॉफ्टवेअर न्हावा शेव्याच्या कंटेनर यार्डांना जायचं. एकाकडे मायएसक्यूएल हा डेटाबेस, दुसऱ्याकडे ओरॅकल. स्क्रिप्ट मात्र एकच, दोन्हीकडे चालणारी हवी. "दोघंही एसक्यूएलच बोलतात ना?" मी एकदा अक्कल पाजळली. "मराठी उरणलाही बोलतात आणि पुण्यातही," ताई म्हणाल्या. "'जेवून जा' म्हटल्यावर दोघांना एकच समजतं का?"

टपरीवरचा 'स्पेशल' चहासुद्धा त्या आधी हुंगायच्या. मला उलट त्यांचाच संशय यायचा: नोकरी टिकावी म्हणून बाई कामं अडवतात! मालकांनाही तेच वाटे. "तिच्याशिवाय दोन्हीकडे चालवून दाखव," ते माझ्या कानात म्हणाले, "मग ती जागा हवीच कशाला?" मी लगेच बाह्या सरसावल्या.

गाडी रोखण्याच्या कारणाचा रकाना रिकामा असेल, तर ती सोडायची, अशी ओळ मी लिहिली. ताईंनी ती पाहिलीच. "रिकामा म्हणजे? डबा रिकामा आहे, की डबाच आणला नाही?"

"ताई, उपाशी तर दोन्हीत राहायचं!" मी हसलो आणि त्या रजेवर जाताच स्क्रिप्ट ओरॅकलवाल्या यार्डात पाठवून दिली.

सकाळी तिथल्या सुपरवायझरचा फोन. "सायेब, गेटवर सगल्या गाऱ्या उभ्या हायत! तुमचा कंप्युटर बोलतो एक पन सोरायची नाय!"

ओरॅकलच्या लेखी रिकामा डबा म्हणजे डबाच नाही. त्यामुळे 'रिकामा' म्हणून शोधलं, तर त्याला एकही सापडेना. मी रडवेल्या आवाजात ताईंना फोन लावला.

"आधी कुठे चालली होती?"

"मायएसक्यूएलवाल्या माझ्या मशीनवर."

"मग गाड्या तुझ्या मशीनवर आण," म्हणाल्या, पण रजा सोडून आल्या. डबा रिकामा असो वा नसोच, दोन्ही अटी घातल्या. गाड्या हलल्या. ताईंची जागाही वाचली.

पुढे त्यांनी आम्हाला सगळीकडे चालेल असंच लिहायला शिकवलं. आम्ही शिकलो, हेच चुकलं. मालक खूश झाले: "आता तपासायला माणूस कशाला?"

निरोपाच्या भाषणात मी गहिवरून म्हणालो, "ताई, तुमची जागा कायम रिकामी राहील."

पिशवी खांद्याला लावत त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "रिकामी राहील, की जागाच राहणार नाही?"

सोमवारी तिथे प्रिंटर होता.