सँपलबरहुकूम बुश

निवृत्त झाल्यावर माणसाशी कोणी भांडत नाही, ही मोठी पंचाईत आहे. अंबरनाथच्या एमआयडीसीत मी तीस वर्षं टूलरूममध्ये होतो, तेव्हा सुपरवायझरपासून चहावाल्यापर्यंत सगळे माझ्याशी वाद घालायचे. आता घरात सगळे गोड बोलतात. बायको गोड, मुलगी गोड, आणि जावई तर विचारूच नका. मी धडधडीत चुकीचं बोललो तरी तो "बरोबर आहे, मामा" म्हणतो. माणूस कामातून गेला की त्याच्याशी असं बोलतात, हे मला कळत होतं आणि मनाला फार लागत होतं. मी अजून कामाचा आहे हे दाखवण्यासाठी मी कोणाचंही काहीही उघडायला तयार होतो.

जावई बदलापूर गावातला. नदीकाठी त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची भातशेती. त्यातल्या एका तुकड्यावर त्याने तंबू ठोकले, झोपाळा टांगला आणि त्याला कृषी पर्यटन म्हणू लागला. पाहुण्यांसाठी त्याने एक कयाकही आणली, पायाने चालवायची. बसून सायकलसारखी पेडल मारायची, की खाली पाण्यात पंखा फिरतो. ठाण्या-डोंबिवलीची मंडळी वल्हं मारत नाहीत, कारण सुट्टीत त्यांचे हात मोबाइल धरण्यात गुंतलेले असतात. चिखलाच्या पायांनी चढायचं, पुढे-मागे वाट्टेल तशी पेडल हाणायची आणि किनाऱ्यावरच्या वाळूत पंखा रुतवायचा, असा एक मोसम गेल्यावर पेडल खडखडू लागली. जावई पेडलचं नवीन युनिट मागवतो म्हणाला. मी म्हटलं, मी असताना? तो लगेच "बरोबर आहे, मामा" म्हणाला.

त्यांच्या ओटीवर चादर अंथरून मी सगळं खोललं. आत दोन गिअर, एक स्टीलचा शाफ्ट आणि तो ज्यात फिरतो तो प्लॅस्टिकचा बुश. वाळूने बुश खाल्ला होता. भोक लांबट झालं होतं, त्यामुळे शाफ्ट डुगडुगत होता आणि गिअरचे दात एकमेकांना सोडून देत होते. काम अगदीच फुटकळ. शाफ्ट मोजायचा, त्यापेक्षा भोक किंचित मोठं ठेवायचं आणि नवा बुश करून घ्यायचा. जावयाच्या वडिलांना मी हे अर्धा तास समजावलं. व्याही भाताच्या पेंढ्याकडे बघत ऐकत राहिले.

अडचण एवढीच होती की मला माप घ्यायच्या वर्निअरवरच्या बारीक रेघा दिसत नव्हत्या. वर्षभर दिसत नव्हत्या. चष्मा पुसा, उजेडात जा, काही करा, तिथे नुसता करडा पट्टा. हे मी बायकोलाही सांगितलं नव्हतं. ज्याने उभा जन्म दुसऱ्यांच्या मापातल्या चुका काढल्या, त्याने हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

म्हणून मी उल्हासनगरला, कॅम्प दोनमधल्या एका सिंधी टर्नरकडे, लेथवर सुटे भाग कातून देणाऱ्याकडे गेलो. त्या गल्लीत ड्रॉइंग कोणी मागत नाही. सँपल ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी तसंच दुसरं घेऊन जायचं. नोकरीत असताना मी या पद्धतीची भरपूर टिंगल केली होती. आता तिचाच आधार वाटला. टर्नरने बुशात बोट फिरवून विचारलं, की हा तर झिजलाय, मूळ साइज किती? मला साइज सांगता येत नव्हता, म्हणून मी आवाज चढवला. सँपल जसं आहे तसंच पाहिजे, उन्नीस-बीस चालणार नाही, मी टूलरूमचा माणूस आहे. त्या बिचाऱ्याने सँपल ठेवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी माल घेताना मी खिशातून वर्निअर काढला, बुशाला लावला, डोळे बारीक केले आणि मान डोलावली. काहीही दिसलं नव्हतं. नुसतं बोट घालून बघितलं असतं तरी कळलं असतं, पण वर्निअर हातात असताना बोट घालणं मला कमीपणाचं वाटलं.

नवा बुश बसवून रविवारी पाहुण्यांसमोर मी स्वतः कयाकमध्ये बसलो. व्याही वल्हं घ्या म्हणाले, तर नको म्हटलं. नदीच्या मधोमध आलो तशी तीच खडखड सुरू झाली, मग पेडल मोकळीच गरगरू लागली आणि मी प्रवाहाबरोबर संथपणे खालच्या बंधाऱ्याच्या दिशेने निघालो. पाहुण्यांनी व्हिडिओ काढले. व्याही होडी घेऊन आले आणि दोर बांधून मला ओढत काठाला घेऊन गेले. त्या दिवशी सगळे इतकं गोड बोलले, की मला जेवण गेलं नाही.

सोमवारी तणतणत कॅम्प दोनला गेलो. टर्नरने माझा जुना बुश आणि त्याचा नवा शेजारी शेजारी ठेवले. दोन्ही भोकं सारखीच लांबट, झीज एकाच बाजूला. त्याने झीजसुद्धा उतरवली होती.

"गोल छेद तो दस मिनट में होता, काका," तो म्हणाला. "ये टेढ़ापन लाने में पूरा दिन गया."

मला हसावं की रडावं कळेना. पुढे त्याने शाफ्टचा साइज विचारला, शाफ्टच्या न झिजलेल्या टोकावर मोजून सांगा म्हणाला. उद्या सांगतो म्हणून मी तिथून निघालो आणि थेट बदलापूर गाठलं.

जावई ओटीवर होता. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं, की मला रेघा दिसत नाहीत, वर्ष झालं. तो उठला. आत गोठ्यात गेला आणि एक बंद खोकं घेऊन आला. नवीन युनिट. मी जुनं खोललं त्याच आठवड्यात त्याने मागवून ठेवलं होतं. मला वाईट वाटेल म्हणून उघडलं नव्हतं.

वाईट वाटलंच. इतका राग आला, की ते खोकं नदीत भिरकावावंसं वाटलं. पण वाळू काही जायची नाही, पुढच्या मोसमात या युनिटचा बुशही झिजणार होता, तेव्हा त्याचं मूळ माप आत्ताच घेऊन ठेवायला हवं होतं. मी त्याला खोकं उघडायला लावलं, नवा बुश बाहेर काढून हातात धरला आणि वर्निअर त्याच्याकडे दिला. म्हटलं, तू वाच.

त्याने पहिल्यांदा चुकीचं वाचलं. दुसऱ्यांदाही. मी त्याच्यावर ओरडलो, तीस वर्षं शिकाऊ पोरांवर ओरडायचो तसा.

"ओरडू नका ना, मामा," तो वैतागून म्हणाला. "तुम्हीच हात हलवताय. नीट धरा आधी, मग मला बोला."

सहा वर्षांत जावई पहिल्यांदा मला उलटून बोलला होता. मी बुश घट्ट धरला आणि त्याला पुन्हा मोजायला लावलं.