मागं तोंड करून बसलेले मारुतीराया

कधी एकदा सगळ्यांना सांगतो असं झालंय! पण आधी जे वाईट आहे ते सांगून टाकतो. मागच्या वर्षी मी मल्लखांबावरून पडलो, हात मोडला, आणि तेव्हापासून मारुतीरायाला मनापासून नमस्कारच केला नव्हता. आमच्या लोधीपुऱ्यातल्या आखाड्यात मल्लखांब म्हणजे मारुतीच. त्याला कोणी ओलांडत नाही, पाया पडल्याशिवाय चढत नाही. मीही हात लावायचो, पण मनात यायचं, लाकूडच तर आहे यार, सांभाळायचं असतं तर तेव्हाच नसतं सांभाळलं? ज्या डावात पडलो तो असा, की पायांची पकड ठेवून दोन्ही हात सोडायचे आणि मागे झोकून द्यायचं. मागे काही म्हणता काही दिसत नाही. हात बरा झाला, पण डाव जमेचना. हात सुटायचेच नाहीत.

आणि जिल्ह्याच्या मल्लखांब संघाची निवड धूलकोटला. वयामुळे माझा शेवटचाच चान्स, आणि त्या डावाशिवाय मुश्किलच. तिथल्या मैदानावर मल्लखांब नव्हता, तो आम्हीच न्यायचा होता. माझ्या दादाची गाडी एवढीशी, त्यात खांब कुठे मावणार? मग दादाने गाडीच्या मागे हुक वेल्डिंग करून घेतला आणि दोन चाकांची छोटी ट्रॉली जोडली. तिच्यात खालती गाद्या, वरती खांब निजवलेला. आमचे सर म्हणाले, "देव चाललेत, तोंड पुढं ठेवा." म्हणजे वरचं बारीक टोक, ज्याला बोंड म्हणतात, ते गाडीकडे आणि जाडजूड बूड मागे. नारळ फोडला, निघालो.

सपाट रस्त्यावर मस्त चाललं. उतार लागला आणि ट्रॉली अशी डोलायला लागली ना, इकडून तिकडे, शेपटीसारखी! गाडीलाच ओढायला लागली. दादा ओरडला, "अबे, ये तो पलटी करवाएगी!" कशीबशी गाडी बाजूला घेतली. दोऱ्या आवळल्या, चाकांची हवा पाहिली, परत निघालो, परत तेच. सर घामाघूम. शेवटी म्हणाले, "परत फिरू. हातपाय मोडून निवड नको." मला रडू येत होतं, आणि खोटं कशाला बोलू, थोडं बरंही वाटलं. डाव करायलाच नको.

तेवढ्यात मागून एक मावशी आली, डोक्यावर गवताचा भारा. "काय नेऊ राहिले रे पोराहो?"

"मारुतीराया आहे, मावशी." माझ्या तोंडून कसं निघालं कोण जाणे.

तिने भारा खाली टाकला. "मंग तोंड कुठे त्याचं? मले त बूडच दिसू राहिलं."

दादा हसला. "तोंड पुढे आहे काकी, देव रस्ता बघतायत."

"रस्ता तू पाह्य ना, डायवर तू हायेस! मागचं कोन पाहीन? फिरव त्याले इकडे, मले पाया पडू दे."

सरांना तिचं मन मोडवेना. सगळ्यांनी मिळून खांब उचलला, फिरवला. तिने बोंडावर कपाळ टेकलं, बराच वेळ टेकलं. मग मी भारा उचलून दिला आणि ती शेताच्या वाटेने गेली.

गाडी वळवायला तिथे जागा नव्हती, म्हणून थोडं पुढे गेलो. उतार तोच, पण ट्रॉली एकदम सरळ! दादा म्हणाला, "सर, थोडं अजून जाऊन बघू?" असं थोडं-थोडं करत धूलकोटच आलं. दादा आता सांगतो, बुडाचं वजन पुढे हुकावर आलं म्हणून डोलणं थांबलं. असेल, मी कुठे नाही म्हणतो? पण मावशीला वजनाचं काय पडलं होतं, तिला फक्त पाया पडायचं होतं.

माझी पाळी आली. वर पोचलो तर बोंडावर तिच्या कपाळाचं कुंकू, खांबाला चोळलेल्या तेलात थोडं पसरलेलं. मागचं कोन पाहीन? पायांची पकड घेतली आणि हात सुटले. मी सोडले असं म्हणवत नाही, सुटले. मागे पूर्ण झुकलो तेव्हा उलटं आभाळ दिसलं आणि भीती कुठे गेली कळलंच नाही.

निवड झाली! त्या मावशीचं नाव विचारायचं राहिलं, म्हणून आता रोज चढायच्या आधी दोन नमस्कार करतो, एक तिचा. परत येताना कोणी न सांगता सगळ्यांनी खांब तोंड मागे करूनच ठेवला. मी मागच्या सीटवर होतो. घर येईपर्यंत एकदाही वळून पाहिलं नाही.