उलट्या सीटवरचे मामा

पुढं बघून चालणारी माणसं जगात पुष्कळ आहेत, पण मागं बघत बघत सबंध आयुष्य सुखरूप पार पाडलेला माणूस मी एकच पाहिला, आणि तो आमच्या आत्याचा नवरा आहे. आम्ही त्यांना मामा म्हणतो. मामा रेल्वेत गार्ड होते. मालगाडीच्या अगदी शेवटी, इंजिनापासून लांबच लांब, एक खडखडणारा डबा असतो. त्या डब्याच्या दांडीला धरून मामांनी दौंडहून सोलापूरकडं आणि मनमाडकडं इतक्या फेऱ्या केल्या, की त्यांना कुठलंही गाव येताना कधी दिसलं नाही. प्रत्येक गाव त्यांनी जातानाच पाहिलं. त्यामुळं असेल, पण कुणाला निरोप द्यायची वेळ आली की मामांच्या चेहऱ्यावर जी माया दिसते, ती स्वागताच्या वेळी दिसत नाही. पाहुणे आले तर ते पेपरातून मान वर काढत नाहीत. पाहुणे निघाले की मात्र कोपऱ्यावर जाऊन, पाहुण्यांची रिक्षा दिसेनाशी होईस्तोवर हात वर धरून उभे राहतात.

रिटायर झाले तरी त्यांची नोकरी चालूच आहे, एवढंच की पगार पेन्शन झाला. लग्नाकार्यात मामा शेवटच्या रांगेत बसतात आणि मांडवातून शेवटी निघतात. निघताना चपला, छत्र्या, झोपलेली पोरं, काही मागं राहिलंय का ते बघतात. कासुर्डीला माझ्या चुलतभावाचं लग्न होतं. परतीची बस भरली, ड्रायव्हरनं इंजिन चालू केलं, आणि शेवटच्या बाकावरून मामांनी शिट्टी मारून बस थांबवली. "एक माणूस कमी हाय. गाडी हलायची न्हाई." सगळे घामानं भिजलेले, वैतागलेले. आमचे वडील म्हणाले, "अवो पाव्हणं, समदी आलीत, चला आता." मामा हलेनात. पुन्हा एकदा माणसं मोजली गेली, तेव्हा कळलं की राहिली होती ती खुद्द आत्या. ती मांडवाच्या मागं आहेराच्या साड्यांचं गाठोडं बांधत बसली होती. बसमध्ये चढताना ती मामांकडं बघून एवढंच म्हणाली, "बायको हाय म्हनून थांबला न्हाईत, हिशोब जुळंना म्हनून थांबलात." मामांनी ते नाकारलं नाही.

अशा माणसानं मोटारसायकल बांधायला घ्यावी, हे आमच्या कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. पण ती मोटारसायकल मामांची नव्हतीच. ती होती ड्रायव्हरसाहेबांची. ड्रायव्हरसाहेब म्हणजे मालगाडीच्या दुसऱ्या टोकाचा माणूस. मामा शेवटच्या डब्यात आणि हे पुढं इंजिनात. वर्षानुवर्षं दोघांची जोडी एकाच गाडीवर लागायची, पण ड्यूटीवर एकमेकांचं तोंड दिसायचं नाही. मामांनी मागून हिरवा झेंडा दाखवायचा, साहेबांनी हॉर्न देऊन उत्तर द्यायचं, आणि गाडी निघायची. "आमी जल्मात जेवढं बोललो ना, तेवढं झेंडा आन् हॉर्नवरच बोललो," असं मामा सांगायचे. साहेब शिरूरचे, मिशन कंपाउंडच्या मागं त्यांचं घर. नाताळात त्यांच्याकडून करंज्यांचा डबा यायचा, दिवाळीत इकडून चिवड्याचा डबा जायचा.

साहेबांना झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. मामा बघायला गेले, तेव्हा अंगणात भंगारवाला साहेबांची जुनी मोटारसायकल हातगाड्यावर चढवत होता. ही गाडी साहेबांनी तरुणपणी घेतलेली. गंजून तिचा रंग कोणता होता हेही कळत नव्हतं. साहेब दारातल्या खुर्चीत बसून बघत होते आणि त्यांना बोलता येत नव्हतं. मामांनी भंगारवाल्याला हात केला, "उतर खाली." मग साहेबांपुढं उभं राहून म्हणाले, "मी ही चालू करून तुमच्या दारात आणतो. तवर दम धरा." डॉक्टरांनी साहेबांच्या मुलाला बाजूला घेऊन जे सांगितलं होतं, ते मामांनीही ऐकलं होतं. दम किती धरता येईल याची खात्री कुणालाच नव्हती.

टेम्पोतून गाडी दौंडला आली आणि आत्याच्या दोन खोल्यांचं वर्कशॉप झालं. मामांना इंजिनातलं ओ की ठो कळत नव्हतं, हे मी आधीच सांगून टाकते. ते मेकॅनिक नव्हते, ते गार्ड होते. पण माणूस पेटला की काय करतो ते बघण्यासारखं होतं. गंजलेले नटबोल्ट त्यांनी चिंचेच्या कोळात भिजत घातले. आत्याची वर्षाची चिंच त्यात गेली. कार्बोरेटर कुकरमध्ये उकळला. पुढचा महिनाभर त्या घरातल्या वरणाला पेट्रोल पंपाचा वास होता, आणि मामा म्हणायचे, "पोट साफ ऱ्हातंय." चाकाच्या तारा कपडे वाळत घालायच्या दोरीवर ओळीनं लटकायच्या. एकदा आत्यानं धुतलेला पंचा समजून मामांनी टाकी पुसायचं फडकं पाहुण्यांपुढं हात पुसायला धरलं.

मी आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर. बी.एस्सी. झाले आणि सणसवाडीला एका कारखान्यात क्वालिटी विभागात लागले. याचा मला अभिमान आहे आणि मी तो लपवत नाही. मामांना तर माझ्यापेक्षा जास्त. कुणीही भेटलं की "ही आमची ग्रॅज्युएट." त्याची किंमत मला अशी चुकवावी लागली, की कुणाकडून तरी आणलेलं गाडीचं इंग्रजी पुस्तक त्यांनी माझ्या हातात ठेवलं. "वाच." मी म्हणाले, "मामा, माझा विषय केमिस्ट्री होता." "इंग्रजीतच होता ना? मग वाच." दर रविवारी मी दौंडला जाऊन वाचायचे. पुस्तकात प्रत्येक भाग कसा खोलायचा ते तपशीलवार होतं आणि जोडायचं कसं याबद्दल दर वेळी एकच ओळ होती: जोडताना हाच क्रम उलटा करावा. ती ओळ ऐकल्यावर मामांनी हातातला पाना खाली ठेवला. "उलटा? पुन्यांदा वाच." मी पुन्हा वाचलं. "बघ," ते आत्याला म्हणाले, "पुस्तकात बी तेच दिलंय. मी जल्मभर काय सांगत होतो?"

आणि त्यांनी गाडी खरंच मागून पुढं बांधली. इंजिनाचे तुकडे पाटावर पसरलेले असताना त्यांनी आधी मागचा लाल दिवा लावला. मग मागचा ब्रेक. "आधी थांबायची सोय, मग चालायची," हे त्यांचं धोरण. रंग दिला तो मालडब्याचा, गेरूसारखा तांबडा, आणि टाकीवर डब्यावर असतात तशा पांढऱ्या अक्षरांत लिहिलं: 'भारक्षमता – दोन माणसं, एक पिशवी.' सगळ्यात शेवटी तेलाच्या डब्याचं झाकण कापून एक पिवळी पाटी बनवली, तिच्यावर इंग्रजीत एल आणि व्ही, म्हणजे 'लास्ट व्हेइकल', ही दोन अक्षरं काढली आणि ती मागं लटकवली. प्रत्येक रेल्वेगाडीच्या शेवटच्या डब्याला अशी पाटी असते. "ही पाटी दिसली की स्टेशनातल्या मानसानं समजायचं, गाडी पुरी आली, मधी कुठं डबा तुटून राह्यला न्हाई," मामांनी समजावलं. "आन् न्हाई दिसली तर?" आत्यानं विचारलं. "तर मागं काय तरी राह्यलं. मग दुसरी गाडी सोडायची न्हाई."

एक पिन कुठंच मिळेना, ती मी सणसवाडीच्या एका लेथवाल्याकडून करून घेतली आणि मापाला जुना पिस्टन डब्याच्या पिशवीत घालून नेला. कारखान्याच्या गेटवर बिहारी सिक्युरिटीवाल्यानं पिशवी उघडली. खाली चपाती-भाजी, वर पिस्टन. "मॅडम, ये लंच में है?" मी म्हटलं, "मामाजी का है." तो फार सभ्य माणूस होता, त्यानं पुढं काही विचारलं नाही. पण त्या दिवसापासून तो माझ्या मामांच्या तब्येतीची चौकशी करायला लागला.

गाडी उभी राहिली तेव्हा मागच्या सीटकडं माझं लक्ष गेलं. ती उलटी होती. म्हणजे बसणाऱ्याची पाठ चालवणाऱ्याच्या पाठीला, तोंड मागं, पाय ठेवायला दोन पट्ट्या, धरायला दांडी. मला वाटलं, आत्यासाठी केली असेल. मी म्हणाले, "मामा, मारा किक." मामा गाडीच्या मागं जाऊन उभे राहिले आणि झेंड्याची घडी उलगडायला लागले. मी पुन्हा म्हणाले. ते झेंड्याची सुरकुती काढत राहिले. शेवटी आत्या दारातून म्हणाली, "त्यांना चालवता येत न्हाई."

"काय?"

"सायकल येती. ती बी उताराला."

मामा शांतपणे म्हणाले, "गाडी चालवनं हे ड्रायव्हरचं काम. गाडी सुखरूप पोचली का न्हाई ते बघनं माझं. तू कॉलेजला बापाची मोटारसायकल घिऊन जायचीस ना? मग मार किक."

मी वडिलांच्या मोटारसायकलवर कॉलेज केलं, हे खरं आहे, आणि गावानं त्यावर काय काय म्हटलं ते मला ठाऊक आहे. त्या गोष्टीचा असा उपयोग करून घेणारा माणूस मात्र हा पहिलाच. मी किक मारली, पुष्कळ मारल्या. आत्यानं मधे चहा दिला. आणि मग ती गाडी एकदम बोलायला लागली. गल्लीतली कुत्री उठली. मामा मागं हिरवा झेंडा धरून उभे होते, डोळे पुसत नव्हते, कारण झेंडा खाली घ्यायची वेळ झाली नव्हती.

त्याच आठवड्यात साहेबांच्या मुलाचा फोन आला, खाणं कमी झालंय म्हणून. आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. मी पुढं, मामा माझ्या पाठीला पाठ लावून, डोक्यावर हेल्मेट, काखेत दोन झेंडे. चौफुल्यावर पोलिसानं थांबवलं.

"बाबा, उलटं का बसलाय?"

"मी सुलटाच बसलोय. मागनं कोन येतंय ते तुमाला दिसतं का? मला दिसतं."

"आन् ही पाटी कसली?"

मामांनी त्याला पाटी समजावून सांगितली, सगळी, अगदी पहिल्यापासून. मागं वाहनं थांबायला लागली तसा तो पोलीसच हात जोडून म्हणाला, "जावा बाबा. ताई, यांना घिऊन जावा."

पारगावचा भीमेवरचा पूल ओलांडला आणि न्हावऱ्याच्या अलीकडं गाडी दोनदा खोकून बंद पडली. मी वळून बघते तर मामा सीटवर नाहीत. ते लाल झेंडा घेऊन आलेल्या वाटेनं मागं चालत निघाले होते. गाडी वाटेत बंद पडली की गार्डानं आधी मागं जाऊन येणारी गाडी थांबवायची, हा रेल्वेचा नियम. मी ओरडले, "मामा, ही मोटारसायकल आहे, कडेला घेतलीय." ते थांबले नाहीत. लांबवर जाऊन त्यांनी रस्त्याच्या मधोमध झेंडा धरला. उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत आलेला एक ट्रॅक्टर थांबला, त्याच्या मागं दुसरा, त्याच्या मागं दुधाचा टेम्पो.

"म्हातारबा, काय झालं फुडं? ॲक्सिडेंट?"

"न्हाई. आमची गाडी फेल हाय."

"मग आमाला का थांबावलं?"

"तुमी मागं होता म्हनून."

ट्रॅक्टरवाला शिव्या देतच खाली उतरला आणि आमच्या गाडीपाशी येऊन बघतो तर काय, त्याच्या आज्याकडं अशीच गाडी होती. त्याच्या शिव्या तिथंच थांबल्या. त्यानं प्लग काढला, फुंकला, पँटला घासला, पुन्हा बसवला आणि मला म्हणाला, "ताई, आता मारा." मामांनी त्याचे आभार मानले नाहीत. त्याला हिरवा झेंडा दाखवला. माझ्या माहितीत हा त्यांचा सगळ्यात मोठा सन्मान आहे.

शिरूरला पोचलो तेव्हा साहेब दारातच होते, खुर्चीत, अंगावर शाल. आवाज त्यांनी वळणापासूनच ऐकला असणार, कारण मान आधीच रस्त्याकडं होती. मी गाडी अगदी खुर्चीजवळ नेली आणि इंजिन चालूच ठेवलं. मला वाटलं, आता मामा जाऊन मिठी मारतील, काही बोलतील. मामा उतरले आणि साहेबांकडं न बघता मागं चालत गेले, पार अंगणाच्या फाटकापर्यंत. तिथून तोंड वळवून उभे राहिले आणि हिरवा झेंडा उंच धरला.

साहेब बघत राहिले. मग त्यांचा डावा हात शालीतून बाहेर आला. हॉर्नचं बटण डावीकडं असतं. हात थोडा भरकटला, मी धरायला गेले तर त्यांच्या सुनेनं मला खुणेनं थांबवलं. अंगठा बटणावर पोचला आणि त्या जुन्या हॉर्ननं एक लांबलचक आवाज दिला. फाटकातून मामांनी झेंडा हलवला. साहेबांनी पुन्हा हॉर्न दिला. हे किती वेळ चाललं ते मला माहीत नाही. पण दोघांना बोलायचं होतं ते सगळं बोलून झालं असावं, कारण नंतर मामा शेजारी बसून मुकाट्यानं चहा प्यायले आणि साहेबांनी बशीतून दोन घोट घेतले.

त्यानंतर दर रविवारी आम्ही शिरूरला जायचो. पोलीस ओळखीचा झाला, न्हावऱ्याचा ट्रॅक्टरवाला हात करायचा. उन्हाळा संपायच्या आत साहेब गेले. त्यांच्या मुलानं गाडी मामांकडंच राहू दिली.

गेल्या रविवारी मी दौंडला गेले, तर मामा हेल्मेट घालून तयार. "चल, जरा पाटसपर्यंत जाऊन येऊ." मी गाडी बाहेर काढली आणि माझ्या लक्षात आलं, मागची पिवळी पाटी नाही. मला वाटलं, कुठं पडली. मी शोधायला लागले, तर आत्यानं डोळ्यांनीच आत, देवळीकडं दाखवलं. पाटी तिथं भिंतीला टेकवून ठेवली होती, पुसून.

"मामा, पाटी लावायची राहिली."

"राह्यली न्हाई," मामा उलट्या सीटवर बसत म्हणाले, पाठ माझ्या पाठीला लावून. "गाडी पुरी असल्यावर लावायची असती ती."

मग त्यांनी शिट्टी मारली आणि मी निघाले. पाटसपर्यंत ते मागं बघत बसले होते. कुणी राहिलंय का, म्हणून.