काकांची हिब्रू

करी रोडला आमच्या मजल्यावर राहणारे काका बेने इस्रायली, म्हणजे कोकणातून आलेले मराठी ज्यू. बँकेतून निवृत्त झालेले. चुकीचा शब्द कानावर पडला की त्यांना राहवत नसे. भाजीवालीलाही थांबवून म्हणायचे, "बाई, कोथमीर नाही, कोथिंबीर."

हिब्रू प्रार्थना त्यांना लहानपणापासून तोंडपाठ, पण अर्थ कळत नसे. ही रुखरुख घेऊन बासष्टाव्या वर्षी ते उन्हाळाभर जेरुसलेमला शिकायला गेले. वर्गात सगळी विशीतली मुलं. "रोज गृहपाठ असतो रे," फोनवर सांगताना ते भलतेच खुशीत होते.

परतल्यावर एका शनिवारी ते मला सिनेगॉगमध्ये घेऊन गेले. नव्वदीचे एक आजोबा प्रार्थना सांगत होते, बाकीचे त्यांच्यामागून म्हणत होते. एका ओळीला काका थबकले. पुस्तकावरचं बोट तिथेच राहिलं. आता हे आजोबांना टोकणार, म्हणून मीच अवघडलो. पण त्यांनी आजोबांकडे नुसतं पाहिलं आणि सगळ्यांबरोबर मोठ्याने म्हणू लागले.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "काका, मध्येच थांबलात का?"

"आजोबा एक शब्द चुकीचा म्हणतात. माझे वडीलही तसाच म्हणायचे. अर्थच बदलतो रे."

"मग तुम्ही?"

"मीही तसाच म्हटला. त्यांच्यामागून म्हणणारे मोजून दहा-बारा जण उरलोय आम्ही." थोडं पुढे गेल्यावर ते हसले. "घरी मात्र बरोबर म्हणतो हं."