निळी गाडी बांधीत

मी अड्याळहून निघालो तो साळीच्या बोलण्याला कंटाळून. साळी म्हणजे कौसल्या, माझ्या बायकोची धाकटी बहीण, लाखनीजवळच्या एका खेड्यात दिलेली. तिचा फोन आला.

"भाऊजी, आमच्या नहराच्या रस्त्यानं साऱ्या देशातल्या मोटारी धावणार हायेत. या पाहाले."

"मोटारी का पाहिल्या नाही मी?"

"पाहिल्या असान. पण भिंतीकडं पाहून पाहून डोळ्याले जाळं धरलं असन तुमच्या, त्याचं काय?"

खोटं नव्हतं. बायको, शेवंता, मागच्या उन्हाळ्यात गेली आणि तेव्हापासून मी गावाबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. त्याचं कारण आहे. तरुणपणी मी शंकरपटात (बैलजोड्यांच्या शर्यतीत) धुरकरी होतो, म्हणजे जोडी हाकणारा. गुडघे गेले तसं हाकणं सुटलं, पाहणं सुटलं नाही. कुठलाही पट पाहून घरी आलो की शेवंता दारातच विचारायची, "कोणाची आली?" पाणी नंतर, चहा नंतर, आधी हे. जोडी कोणाची आली ते तिला सांगितल्याशिवाय पट संपल्यासारखाच वाटत नसे. आता दारात विचारायला कोणी नाही, तर जायचं कायले, असा माझा हिशेब.

तरी निघालो. भंडाऱ्याच्या स्टँडवर उतरून तर्री-पोहे खाल्ले. तर्री (लाल तिखट रस्सा) अशी जहाल की नाकाडोळ्यांतून धारा लागल्या. बाजूच्या बाईने विचारलं, "काहून रडून राहिले जी बाबा?"

"तर्री हाय," मी म्हणालो. आणि त्या दिवशी खरंच तर्रीच होती.

लाखनीची बस ट्रकांच्या मागे मागे रखडत गेली. दोन्ही अंगाला धान कापून झालेलं, बांध्या (धानाची बांध घातलेली शेतं) मोकळ्या, कुठे कुठे अजून चिखल आणि चिखलात बगळे. फाट्यावर कौसल्या उभीच होती. तिने मला खालून वर पाहिलं.

"वाळून गेले जी. शेवंताबाईनं पाहिलं असतं तं मलेच झोडपलं असतं."

घरी नेऊन तिने नव्या तांदळाचा भात, लाखोळीचं वरण आणि भाजलेल्या वांग्याचं भरीत वाढलं. मी नको म्हणत गेलो, ती वाढत गेली. कितीतरी दिवसांनी माझं पोट बोललं नाही, ढेकर बोलला.

नहराचा (कालव्याचा) रस्ता मुरमाचा. वळणावर दोरी बांधून लोकांना अलीकडे उभं केलं होतं. कौसल्याने घरून गोणपाट आणलं होतं, त्यावर आम्ही दोघं बसलो. रस्त्यावर एक पंच होता, नारिंगी बंडी घातलेला, गळ्यात शिट्टी, हातात पिवळं निशाण. नागपूरचा जुना मेकॅनिक होता आणि बोलका निघाला.

"बाबूजी, पहिले या शर्यती म्हणजे दिवसचे दिवस चालायच्या," तो सांगू लागला. "घाट, वाळवंट, हिमालय, सगळं पार करून. अँबॅसडर धावायच्या, फियाट धावायच्या. धावायच्या कमी, बिघडायच्या जास्त. मग देशात ठिकठिकाणी होणाऱ्या फेऱ्या जोडून एक अजिंक्यपद केलं. कधी दक्षिणेकडे कॉफीच्या मळ्यात, कधी अरुणाचलच्या डोंगरात. प्रत्येक फेरीचे गुण. वर्षाअखेर ज्याचे गुण जास्त, तो देशात पहिला. मधी बरेच दिवस जिप्सीचं राज होतं. आता या लहान गाड्या."

"सगळ्या एकदम सुटतात का?" मी विचारलं.

"नाही. एकेक सुटते. घड्याळाशी शर्यत."

"म्हंजे आपला पटच झाला नं," कौसल्या म्हणाली. "फक्त शेण नाही."

पंच हसला. मग म्हणाला, निळी गाडी आली की नीट पाहा, कोइमतूरकडची पोरगी चालवते. गुणांत ती पुढे होती, पण मागच्या दोन्ही फेऱ्यांत गाडी बंद पडली. आज शेवटपर्यंत पोचली तर तिचं वर्ष वाचलं, नाही पोचली तर संपलं.

पहिली गाडी आली ती आधी कानात आली. मग वळणावर आडवी झाली, आडवीच घसरत गेली आणि आमच्या तोंडावर मुरूम फेकून दिसेनाशी झाली. मला वाटलं उलटली. कौसल्या माझा दंड धरून बसली होती, नखं रुतेपर्यंत.

"हे का चालवणं हाय जी? माह्या नवऱ्यानं बैलबंडी अशी आणली असती तं म्या जेवाले नसतं देलं."

चालवणाऱ्याच्या शेजारी एकजण बसून पुढची वळणं वाचून सांगतो, असं पंचाने सांगितलं. त्यावर ती म्हणाली, "एवढ्या हादऱ्यात वाचते? आमच्या भटजीले बसवा एक डाव." मी हसलो. हसताना छातीत कळ आली, इतकी सवय मोडली होती.

मग निळी गाडी आली. सुरेख आली, जोडीने एका दमात पाय उचलावेत तशी. वळली, आणि मागचं चाक रस्त्याच्या कडेवरून सुटलं. धुऱ्यावर (बांधावर) आपटून गाडी सरळ खालच्या बांधीत गेली, चिखलात अर्धं चाक. पोरीने खूप जोर लावला. चाक जागीच फिरत राहिलं.

लोक दोरी ओलांडून धावले. मीही गुडघे विसरून धावलो आणि सगळ्यांच्या पुढे होऊन दोन्ही हात पसरले.

"हात लावू नोका कोणी. बाद होईन."

आमच्या पटात पळत्या जोडीला बाहेरच्याने हात लावला की जोडी बाद. जमलेले सगळे पटाचेच गडी. जागच्या जागी थांबले, काहींनी तर हात मागे बांधले. पोरगी काचेतून डोकं काढून ओरडत होती, "धक्का दीजिए, धक्का!" आणि आम्ही मयतीला उभं राहावं तसे अदबीने उभे. तिचं वर्ष चिखलात बुडत होतं आणि मी राखण करत होतो.

पंच निशाण हलवत वळणावर अडकलेला, मागची गाडी यायची होती. तिथूनच त्याने शिट्टी मारली. "अरे ढकला, प्रेक्षकांनी ढकललं तर चालते."

"आयकलं का?" कौसल्या मागून कडाडली. "ते बैल नाही जी भाऊजी, बैल असता तं तुमच्यापेक्षा शाना असता. लोटा."

मग काय सांगू. धुऱ्यावर तणसाचा (धानाच्या पेंढ्याचा) ढीग होता. लोकांनी कवळेच्या कवळे चाकाखाली घातले. मी मधोमध, खांदा गाडीला लावून. कौसल्या लुगडं खोचून माझ्या बाजूला. एकदा हलली, मागे आली. दुसऱ्यांदा मी पटातली हाळी दिली, जी मी तरुणपणानंतर दिली नव्हती, आणि सगळ्या बांधीने ती उचलली. चाकाने तणीस धरलं. गाडी अशी सुटली की आम्ही सगळे तोंडावर पडलो आणि वरून चिखलाचा पाऊस. पोरीने खिडकीतून हात काढून हलवला की शिवी दिली, कळलं नाही. दोन्ही चाललं असतं.

कौसल्या चिखलात बसून हसत होती, डोळे तेवढे पांढरे दिसत होते. मीही तसाच दिसत असणार. उठायला कोणी तयारच नव्हतं.

संध्याकाळची बस सुटायची वेळ झाली. पण मी पंचाला सोडलं नाही. "आधी विचारून सांगा, निळी पोचली का." त्याने त्याच्या बिनतारी यंत्रावर विचारलं, बराच वेळ नुसती खरखर. कौसल्या म्हणाली, "बस जाईन जी." मी म्हणालो, "जाऊ दे." मग तो हसला.

"पोचली. पहिली नाही, खूप मागे. पण गुण मिळाले."

बसमध्ये कंडक्टरने मला सीटवर बसू दिलं नाही, चिखल लागेल म्हणून. मी भंडाऱ्यापर्यंत उभा आलो, अड्याळपर्यंतही उभाच, आणि वाटेत जो भेटेल त्याला गोष्ट सांगत आलो. कोणी विचारलं नव्हतं.

घराशी आलो. कुलूप काढलं आणि दारातच थांबलो, सवयीने. आत अंधार. मी बाहेरूनच सांगितलं, "निळी आली."

मग दिवा लावला आणि उजेडात धोतर पाहिलं. ते पाहून शेवंता जे बोलली असती, ते इथे लिहिण्यासारखं नाही.