गावदेवाला सांगून गेलेले पंडितजी

भामरागडकडच्या आमच्या गावाला लागून जवानांचा तळ होता. तिथल्या छोट्या मंदिरात पूजा करणारे पंडितजी दूर उत्तरेकडच्या पहाडातले. रोज सकाळी ते कुंपणाच्या आतून माझ्या बापाला हात जोडायचे. बा गावदेवाचा पुजारी. तळावरच्या लोकांशी तो बोलत नसे, नुसती मान हलवायचा.

त्या तुकडीची बदली झाली. जायला तीन दिवस उरले असताना पंडितजी आमच्या अंगणात आले आणि मोडक्या मराठीत म्हणाले, "तुमच्या देवाला भेटून जाऊ का?"

बा त्यांना मोहाच्या झाडाखाली घेऊन गेला. मी मागेच होतो. पंडितजींनी लांबच बूट काढले, जमिनीला कपाळ टेकलं आणि बराच वेळ उठलेच नाहीत.

"काय मांगतलं, भाऊ?" बानं विचारलं.

"काही नाही. तळावरची आमची सगळी पोरं जिवंत परत चालली. माझ्या देवाला सांगितलं. पण जंगल तर यांचं आहे, यांनाही सांगायला पाहिजे ना."

तळ रिकामा झाला त्या सकाळी बानं देवापुढं मूठभर तांदूळ ठेवले. पंडितजींचं नाव त्यानं कधी विचारलंच नव्हतं. गोंडीत एवढंच म्हणाला, "पहाडातला तो म्हातारा निघाला आहे. त्याला घरापर्यंत सांभाळ."